तीन वर्षांचं पोरगं घेऊन चिपळूणला ईद: पाडवा, चाँदरात आणि बासी ईदची फेरी

आमचं सासर चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठावर. राहतो मुंब्र्याला. एरवी ईदला आदल्या रात्री जाऊन तिसऱ्या दिवशी परत, पण यावेळी (२०२५) छोटा तीन वर्षांचा झालाय आणि दादीसासूंनी फोनवर सरळ सुनावलं की पोराला काय माझ्या मयतीलाच आणणार का, मग काय, पाच दिवसांची सुट्टी टाकली. घरात मोजून तेवीस माणसं, त्यात सात पोरं, आणि बाथरूम दोन. लहान मूल घेऊन कोणी असं जाणार असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिलं तिकीट. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखे चार महिने नाहीत. यावेळी पाडवा ३० मार्चला रविवारी आणि ईद ३१ ला सोमवारी, म्हणजे पाडव्याला गावी जाणारे आणि ईदला जाणारे सगळे एकाच गाडीच्या मागे. आम्हाला शुक्रवार २८ ची मांडवी एक्सप्रेस मिळाली, ती पण मी २७ जानेवारीला सकाळी आठच्या आधीपासून मोबाईल हातात धरून बसले म्हणून, आणि तरी दोनच कन्फर्म, मी आणि सासू. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही पण सीटही मिळत नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे ठाण्यापासून चिपळूणपर्यंत चार-साडेचार तास ते वजन तुमच्याच मांडीवर.

आणि मी शहाणपणा काय केला, तर रोजा धरूनच गाडीत बसले. प्रवासात सोडायची मुभा आहे, नंतर कजा करता येतो (म्हणजे राहिलेला रोजा पुढे कधीतरी धरायचा), सासू म्हणत होत्या सोड म्हणून, पण रमजानचा शेवटचा जुम्मा (शुक्रवार), मन होईना. मांडवीत खाण्याची काय चंगळ असते हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. दर पाच मिनिटांनी वडे, कटलेट, आमलेट नाकासमोरून जातंय, पोराला सगळंच हवंय, आणि अर्धं खाऊन उरलेलं तो माझ्याच तोंडात कोंबतोय. नातूवाडीचा चार किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा अंधारात तो पहिल्यांदा गप्प बसला, मी म्हटलं अल्लाह, अजून दोन असे बोगदे दे. पुढच्या वेळी मी तरी प्रवासाच्या दिवशी रोजा सोडणार, सरळ.

नवरा शुक्रवारी तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) आटपून रात्री अकराला दिराच्या गाडीने निघाला. त्यांना वाटलं रात्री हायवे मोकळा मिळेल. कसला मोकळा, लाँग वीकेंड, माणगावला दीड तास एका जागी, सेहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) गाडीतच, केळी आणि खजूर. कशेडीच्या बोगद्याने घाट वाचतो हे खरं, ज्या मुलांना वळणावर उलट्या होतात त्यांच्यासाठी तर लय सुख, पण बोगद्यापर्यंत पोचायला तर पाहिजे! मुलं असतील तर ट्रेन, तिकीट नाही मिळालं तर सणाच्या तीन दिवस आधी गाडी काढा, आदल्या दोन दिवसांत नको.

आता घरातलं. गावच्या घरात पोराचं टाईमटेबल पहिल्याच दिवशी मोडतं. तो रात्री साडेआठला झोपणारा, इथे तरावीह, मग चहा, मग भावाभावांच्या गप्पा, लाईट बंद व्हायला एक वाजतो आणि चारला सेहरीची भांडी वाजायला लागतात. पहिली रात्र मी सगळ्यांबरोबर हॉलमध्ये काढली, चूक. दुसऱ्या दिवशी फुफीसासूंना सांगून मागची धान्याची खोली मागितली, तांदळाच्या कणगीशेजारी गादी, मच्छरदाणी, आणि पोरगा नऊला गार. थोडं बोलणं ऐकलं, मुंबईवाल्यांना वेगळी खोली लागते वगैरे, ऐकून घ्यायचं, दोन दिवसांत त्याच खोलीत बाकीच्या चाच्याही आपली पोरं आणून निजवायला लागल्या. मच्छरदाणी घरूनच न्या, तापाचं औषध आणि ओआरएसही न्या. मार्च संपताना तिकडे घामाने अंग चिकट होतं आणि पोरं दिवसभर उन्हात ओले काजू फोडायला पळतात, काजूचा चीक हाताला लागला की कातडी सोलते. आमच्याच्या दोन बोटांना लागलाच.

रविवारी पाडवा. पलीकडच्या वाडीतल्या काकूंनी सकाळीच श्रीखंडाचा डबा आणि पोराला साखरेच्या गाठी दिल्या. श्रीखंड इफ्तारपर्यंत फ्रीजमध्ये, पण गाठी त्याने जागेवरच गळ्यात घातल्या आणि दिवसभर चाटत फिरला, संध्याकाळपर्यंत शर्ट, मान, केस, सगळं चिकट, मुंग्या मागे. मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर) सगळे गच्चीवर. चाँद बारीक, ढगाच्या कडेला, मला दिसायला वेळ लागला, छोट्याला कोणीतरी खांद्यावर घेतलं होतं, त्याने लांबच्या मोबाईल टॉवरचा लाल दिवा बघून दिसला दिसला म्हणून ओरडून घेतलं. २९ रोज्यांवर ईद. मग जी पळापळ सुरू होते ती विचारू नका. चिपळूणच्या बाजारात चाँदरातीला मूल घेऊन जाऊ नका, बांगड्यांच्या दुकानात उभं राहायला जागा नसते, मी त्याला दादीपाशी ठेवून गेले आणि तासाभरात परत आले.

घरी तोवर बायका कामाला. शिरवळ्या चाँदरातीलाच पाडतात आमच्याकडे, तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे लाकडी साच्यात घालायचे आणि वरून दोघींनी जोर लावायचा, खाली केळीच्या पानावर पांढऱ्या तारा पडतात. दादीसासू ऐंशीच्या पुढच्या, पण नारळाच्या रसात गूळ किती हे अजून त्याच चाखून ठरवतात. शीरखुर्मा तर असतोच, पण खरं सांगायचं तर मुलांना सुकामेवा, तूप, दूध एकदम झेपत नाही, शिरवळ्या आणि रस पोटाला बरा. आमच्याने प्रत्येक घरी दोन चमचे शीरखुर्मा खाल्ला, सात घरं, तुम्हीच हिशोब करा. रात्री काय झालं ते सांगत नाही.

फित्र्याचं (ईदआधी गरिबांना द्यायच्या दानाचं) एक. कोकणी मुसलमान मंडळी बहुतेक शाफई पंथाची, त्यामुळे आमच्याकडे माणशी साधारण अडीच-तीन किलो तांदूळ मोजून देतात, पैशात नाही, आणि तो ईदच्या नमाजाआधी पोचला पाहिजे. लहान मुलाचाही लागतो, बापाने द्यायचा. छोट्याचा वाटा त्याच्याच हाताने मापात घालून घेतला, अर्धा जमिनीवर, पण त्याला तेच सगळ्यात जास्त आवडलं, नंतर दोन दिवस दिसेल तो तांदूळ तो मापाने मोजत होता. नमाजातही फरक आहे, पहिल्या रकातीत (नमाजाच्या फेरीत) सात जादा तकबीर (हात वर करून अल्लाहु अकबर म्हणणं), दुसरीत पाच. नणंदेचा नवरा मराठवाड्याकडचा, हनफी पंथाचा, त्याची पहिलीच ईद इथे, तीन तकबिरीनंतर हात बांधून उभा राहिला आणि आजूबाजूचे हात वरच करतायत. घरी येऊन सगळ्यांनी त्याची जी खेचली! तेव्हा पाहुणे असाल तर आधी विचारून जा.

ईदच्या सकाळी आमचा हिरो साडेचारला उठला, खजूर खाल्ला, नवीन शेरवानी घातली, तिची जर मानेला टोचते म्हणून पंधरा मिनिटं रडला, आणि बरोब्बर सगळे नमाजाला निघायच्या वेळी झोपला. बापाने तसाच खांद्यावर टाकून नेला. खानदानी फोटोत तेवीस माणसं आहेत, बावीसांचे चेहरे आणि एक पाठ. उठल्यावर तो दिवसभर बनियनवर सगळ्यांच्या घरी सलाम करत फिरला, कोणी काही म्हटलं नाही. सुती कुर्ता घ्या, दोन घ्या, शेरवानीचे पैसे वाचवा. ईदीसाठी (मोठे मुलांना देतात त्या पैशांसाठी) गळ्यात अडकवायची छोटी कापडी पिशवी शिवून न्या, आमच्याने पहिली दहाची नोट चावून खाल्ली. नमाजानंतर पुरुष कब्रस्तानात जातात, दुपारी अखनी (गोश्त घातलेला भात), आणि त्यानंतर दोन तास कोणालाही काही काम सांगू नका, सगळे आडवे.

बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दोन गाड्या करून गुहागर. वाटेत शृंगारतळीला पाणी, बिस्किटं भरून घ्या. पुढे धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, गाडी बोटीतच चढते, खाडी पार करायला थोडाच वेळ लागतो पण बासी ईदला रांग मोठी, आम्ही पाऊण तास उन्हात. तरी मुलांसाठी पूर्ण दिवसात भारी गोष्ट हीच. दाभोळला आदिलशाहीच्या काळातली माँसाहेबांची मशीद आहे, लोक अंडा मशीद म्हणतात, काळ्या दगडाची, खाडीला लागून, आत गारवा. मक्केला निघालेली विजापूरची शहजादी इथे अडकली आणि हजचा पैसा तिने मशिदीला लावला असं सांगतात. छोटा आतल्या थंड फरशीवर गाल टेकून पडून राहिला, उठेचना. गुहागरला ऊन उतरल्यावरच किनाऱ्यावर जा, तोवर सुरूच्या सावलीत बसा.

बुधवारी परत. पुढच्या वर्षी (२०२६) ईद दहा-अकरा दिवस अलीकडे येणार, २० किंवा २१ मार्च, आणि पाडवा १९ ला, म्हणजे पुन्हा तीच गर्दी. १८ तारखेला निघायचं तर बुकिंग १७ जानेवारीला उघडेल, परतीचं मात्र चाँद एक दिवस मागेपुढे होईल असं धरूनच काढा. मी अलार्म लावून ठेवलाय. छोट्याने पण काकूंना सांगून ठेवलंय की पुढच्या ईदला त्याला दोन गाठी पाहिजेत, एक खायला आणि एक घालायला.