डब्ल्यू यूमाची ती उडी अखेर सापडली

सापडली एकदाची! दोन आठवडे डोकं खाणारी ती उजेडातली उडी ताऱ्यात नव्हतीच, माझ्या फ्लॅटमध्ये होती (फ्लॅट म्हणजे फ्रेममधली कमीजास्त उजळणी दुरुस्त करायला घेतात तो एकसारख्या प्रकाशाचा फोटो).

मागच्या वेळी सांगितलं होतं ना, डब्ल्यू यूमा या एकमेकांना झाकत फिरणाऱ्या जोडताऱ्याचे एका फेरीतले दोन मॅक्सिमा, म्हणजे सगळ्यात उजळ क्षण, सारखे येत नाहीयेत, रात्री साडेनऊचा मॅक्सिमम दीडच्या मॅक्सिममपेक्षा ०.०२५ मॅग्निट्यूडने (मॅग्निट्यूड म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) उजळ दिसतोय. हा ओ'कॉनेल इफेक्ट आहे असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. एकमेकांना चिकटलेल्या जोडताऱ्यांत तो खरंच दिसतो, एका बाजूला डाग जास्त असले की ती बाजू आपल्याकडे आल्यावर प्रकाश थोडा कमी पडतो, ओ'कॉनेलनी १९५१ मध्ये त्यावर मोठं काम केलंय. आणि माझ्याकडे चारही रात्री फरक तोच, तेवढाच, मग शंका कशाला घेईन मी.

पण चारही रात्री तोच फरक येण्याचं कारणच वेगळं होतं. या ताऱ्याचा पिरियड, म्हणजे एका फेरीचा वेळ, ०.३३३६ दिवस, म्हणजे ८ तास आणि वर साधारण अर्धं मिनिट. तीन फेऱ्या झाल्या की २४ तास आणि जेमतेम सव्वा मिनिट होतं, त्यामुळे रोज त्याच वेळी कर्व्हचा (ताऱ्याच्या उजेडाच्या आलेखाचा) तोच भाग समोर येतो. आता पुण्यातून फेब्रुवारीच्या मध्यावर डब्ल्यू यूमा रात्री पाऊणच्या सुमाराला मध्यमंडल (आकाशातली उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो, उत्तरेला साधारण ५२ अंशांवर, आणि माझा माउंट जर्मन इक्वेटोरियल, म्हणजे तिथे फ्लिप आलाच, दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते. फ्लिप रोज चार मिनिटं लवकर, मिनिमम (सगळ्यात मंद क्षण) सव्वा मिनिट उशिरा, मिळून आठवड्यात फरक फक्त ३७ मिनिटांचा. म्हणजे आठवडाभर एक मॅक्सिमम कायम फ्लिपच्या आधी आणि दुसरा कायम नंतर! फ्लिप व्हायचा तोही चढत्या भागावर, पुन्हा फोकस करण्यात दहा मिनिटांची गॅप पडायची, त्यामुळे पायरी डोळ्याला दिसायची नाही.

डब्ल्यू यूमाचं तेज ज्याच्याशी ताडून बघते तो कम्प तारा, आणि कम्प नीट आहे ना हे तपासायला घेतलेला दुसरा तारा म्हणजे चेक स्टार. हा चेक स्टार का बोलला नाही, हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कम्प आणि चेक मी दोन्ही फ्रेमच्या एकाच कोपऱ्यातले घेतले होते. फ्लिपनंतर फ्रेम उलटी होते, दोघं मिळून समोरच्या कोपऱ्यात जातात, मधला डब्ल्यू यूमा मात्र मध्येच राहतो. फ्लॅटमध्ये एका बाजूकडून दुसरीकडे चढ असेल तर कम्प आणि चेक दोघांनाही सारखीच चूक लागणार, त्यांच्यातला फरक सरळच राहणार. मी त्या सरळ रेषेकडे बघून आठवडाभर समाधान मानत होते. शनिवारी सहज विरुद्ध कोपऱ्यातला तारा चेक म्हणून लावला आणि उडी थेट दुप्पट झाली, ०.०५. मग फ्लिपच्या लगेच आधीच्या पाच फ्रेम आणि लगेच नंतरच्या पाच फ्रेम घेतल्या, फील्डमधल्या चाळीसेक ताऱ्यांचा फरक त्यांच्या एक्स पोझिशनसमोर मांडला. स्वच्छ तिरकी रेषा! इतका सुंदर ग्राफ मी या छंदात आजवर काढला नव्हता.

आता हा चढ फ्लॅटमध्ये आला कुठून? पहिला संशय ट्रेसिंग पॅडवर, फ्लॅटसाठी ट्यूबच्या तोंडावर ठेवते त्या उजेडाच्या पाटीवर. (स्वस्तातला घेऊ नका, ब्राइटनेस कमी केला की लुकलुकतो आणि छोट्या एक्स्पोजरला पट्टे येतात, फुल ब्राइटनेस ठेवून वर बटर पेपर टाकलेला बरा.) पॅड ९० अंशांत फिरवून बघितला, चढ जागचा हलला नाही. म्हणजे पॅड निर्दोष. मग दुर्बिणीच्या ट्यूबला पुढून झाकण लावलं, फ्लॅटचंच २ सेकंदांचं एक्स्पोजर ठेवलं आणि मोबाइलचा टॉर्च ट्यूबभोवती फिरवला. फोकसरपाशी काही नाही, पण प्रायमरी मिररच्या (ट्यूबच्या तळाच्या मुख्य आरशाच्या) मागे टॉर्च नेला तसे कॅमेऱ्याचे काउंट चढले. मी फ्लॅट घेते सकाळी, गॅलरीत, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उजाडलेलं आकाश. मग टॉर्चशिवाय नुसतं झाकण लावून तिथेच फ्रेम घेतली, तर डार्कपेक्षा (पूर्ण अंधारातल्या फ्रेमपेक्षा) १,३०० एडीयू, म्हणजे काउंट, जास्त! माझा फ्लॅट साधारण २५,००० चा, म्हणजे त्यातला पाच टक्के प्रकाश मागच्या फटीतून येत होता, तोही एका अंगाने. न्यूटोनियनवाल्यांनो (अशी आरशाची दुर्बीण असणाऱ्यांनो), आजच आपापल्या ट्यूबची ही टेस्ट करा, पाच मिनिटांचं काम आहे.

उपाय म्हणजे मागे काळ्या कापडाची दुहेरी टोपी, आईने जुन्या छत्रीचं कापड आणि इलॅस्टिक घालून शिवून दिली, अगदी घट्ट बसते. नशिबाने जानेवारीपासून कॅमेरा एकदाही काढला नव्हता, त्यामुळे नवे फ्लॅट जुन्या फ्रेमना चालले. चारही रात्री पुन्हा रिड्यूस केल्या, म्हणजे नव्या फ्लॅटने दुरुस्त करून पुन्हा मोजल्या, उडी ०.००४ वर आली. दोन्ही मॅक्सिमा आता स्कॅटरच्या (मोजमापातल्या विखुरण्याच्या) आत सारखे आहेत. ओ'कॉनेल इफेक्ट गेला, याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मिनिमाच्या नेमक्या वेळा क्वी-व्हॅन वूर्डन या गणिती पद्धतीने काढल्या आणि लागोपाठच्या दोन रात्रींतलं अंतर २४ तास १ मिनिट २० सेकंद आलं! गच्चीवरून, सहा इंची दुर्बिणीतून, शहराच्या उजेडात. त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे बी (निळा) आणि व्ही (हिरवट-पिवळा) दोन्ही फिल्टर लावून रंगाचा कर्व्ह घ्यायचा असं ठरलं होतं, पण हे टाइप करता करताच सुचतंय की आधी एकच कम्प सोडून द्यावा, डब्ल्यू यूमाच्या चहूबाजूंचे पाच-सहा तारे ॲस्ट्रोइमेजजे या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र कम्प म्हणून घ्यावेत, म्हणजे असा तिरका चढ राहिलाच तर आपोआप बराचसा कटेल. बी फिल्टर पुढच्या अमावास्येला. पावसाळ्यात चार महिने सगळं बंद, तेव्हा मेच्या आत दोन्ही व्हायला हवं.

त्याआधी मात्र एक काम आहे. पहिल्या दोन रात्रींची निरीक्षणं मी एएव्हीएसओला (तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणं गोळा करणारी संस्था) पाठवून बसलेय, ती आज काढून टाकते आणि दुरुस्त केलेली चढवते.