जिवतीच्या शुक्रवारी ऑफिसात मांडे

शुक्रवार, श्रावण.

आज ऑफिसातला शेवटचा दिवस झाला. सोमवारपासून सकाळच्या गाडीनं अमळनेर ते जळगाव, लॉ कॉलेज, पहिलं वर्ष. वय पंचेचाळीस. दमले आहे, हाताला अजून तुपाचा वास येतोय, पण आजचं आजच लिहून ठेवायचं आहे.

आमच्याकडे कोणी नोकरी सोडून निघालं की केक आणि समोसे मागवतात. मला ते नको होतं. इतकी वर्षं ज्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्यांना घरचं करून वाढावं आणि मग निघावं, एवढंच मनात होतं. खानदेशात कोणाला मनापासून जेवू घालायचं तर खापरावरचे मांडेच हवेत. त्यात श्रावणातला शुक्रवार, म्हणजे जिवतीला पुरणाचा नैवेद्य लागणारच होता. आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं तर म्हणाल्या, "मग टोपलीभरच करू. लोकांपुढे दोन-चार काय ठेवायचे?"

गहू बुधवारी धुऊन सावलीत सुकवले, बारीक दळून आणले आणि पातळ कापडातून चाळून सपीट काढलं. पावसानं लाकडं ओली झालेली, पण आईंनी उन्हाळ्यातच कपाशीच्या पऱ्हाट्या माळ्यावर टाकून ठेवल्या होत्या. पहाटे मागच्या पत्र्याखाली चूल पेटवली आणि खापर पालथं घातलं. खापर तापायला ठेवलं की आई दरवेळी मुक्ताईची गोष्ट काढतात. खापर मिळू दिलं नाही म्हणून ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर तिनं मांडे भाजले ती. मुक्ताई शेवटी आपल्याच जिल्ह्यात, तापीकाठी विसावली याचा त्यांना फार अभिमान आहे.

मांड्याची कणीक पोळीसारखी मळून भागत नाही. तेल-पाण्याचा हात लावत ती तिंबायची, आपटायची, ओढायची, इतकी की उचलली तर तुटू नये, नुसती लांबत जावी. दोन लहान पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं, आणि तिथून पुढे लाटणं बाजूला ठेवायचं. पोळी दोन्ही हातांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत वाढवत न्यायची. ती इतकी पातळ होते की आतलं पुरण दिसतं. मग एका झटक्यात खापरावर. तिथे थबकलं की संपलं. आजवर हा भाग आईच करायच्या, मी भाजायला आणि घड्या घालायला. आज त्यांनी उंडा माझ्या हातात दिला आणि स्वतः चुलीजवळ बसल्या. पहिली पोळी माझ्या मनगटापाशीच फाटली. "हात आखडू नको पोरी. आखडला की फाटते." दुसरी जाड झाली. त्यानंतर कधीतरी हात मोकळे झाले. कितवीपासून ते सांगता येणार नाही, आईंनी सूचना देणं बंद केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

भाजता भाजता त्यांनी विचारलं, "वकील होऊन तू करणार काय नक्की?" याआधी घरात सगळ्यांनी विचारलं होतं, त्यांनी कधीच नाही.

मी दस्तलेखनाच्या ऑफिसात टायपिंग करत आले. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, आणि सगळ्यात जास्त हक्कसोडपत्रं, म्हणजे बहिणी वडिलांच्या मिळकतीतला आपला हिस्सा भावाला सोडून देतात ते कागद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आमरस-मांडे होतात. सगळ्या बहिणी एकाच वेळी गावात सापडतात म्हणून त्याच आठवड्यात भाऊ त्यांना घेऊन आमच्याकडे येतात. नव्या साडीतल्या बाया बाकावर रांगेनं बसलेल्या असतात. मी मजकूर टाइप करते: "आम्ही स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता." मुद्रांक, दुय्यम निबंधकांकडे टोकन, फोटो, अंगठा, दोन ओळखदार, झालं. दुपारच्या एसटीनं बाई सासरी, पिशवीत शिदोरी.

मी आईंना म्हटलं, त्या बायांना मजकूर नीट वाचून दाखवणारं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारं कोणीतरी त्या बाकावर बसायला हवं. मला ते करायचंय. मागच्या एका आखाजीला एक जण सही करून उठली आणि मला विचारू लागली, "ताई, हे परत घेता येतं का?" नोंदलेला दस्त असा सहज फिरत नाही, कोर्टात जावं लागतं, एवढं मला ठाऊक होतं आणि तेवढं मी सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न होता, "कोर्टात काय सांगावं लागतं?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या रात्री मी सीईटीची, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेची, माहिती काढली. तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अट नाही हे तेव्हा कळलं.

आई बराच वेळ पऱ्हाट्या सारत बसल्या. मग म्हणाल्या, "मीपण केली होती सही." मला माहीत नव्हतं. त्यांचे वडील गेल्यावर दिवसकार्याला गेल्या होत्या तेव्हाचं. काय लिहिलंय ते कोणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. निघताना वहिनीनं मांडे बांधून दिले, साडी नेसवली. "जमीन घेतली असती तर माहेर गेलं असतं. आणि माहेर नसलेल्या बाईला कोण विचारतं?" त्यात तक्रार नव्हती, जसं झालं तसं सांगितलं. जरा थांबून म्हणाल्या, "पण वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. द्यायचंच होतं, पण कळून दिलं असतं."

यापुढे मला दुसरं कारण नको. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला. १९९४ साली महाराष्ट्रानं लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं आणलं, २००५ साली देशभर सगळ्या मुलींना तो हक्क मिळाला, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की तो जन्मानं मिळतो, २००५ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. कायदा इतका पुढे आला आणि बाकावरची बाई अजून कोऱ्या चेहऱ्यानं सही करते. तिनं भावाला जमीन द्यावी की न द्यावी हे मी कोण सांगणार? माहेर टिकवायची तिची ओढ खरी आहे, तिला कमी लेखायचा हक्क कोणालाच नाही. पण काय सोडतो आहोत ते तिला सहीआधी समजलंच पाहिजे.

नोकरी सांभाळून करता आलं असतं तर केलं असतं. पण कायद्याचं शिक्षण घरी बसून होत नाही, प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते. राजीनामा लिहून कित्येक दिवस पर्समध्ये फिरवला. भीती पैशाची नव्हती, यांचा पगार आहे, लेक कमावती झाली. भीती होती ती वर्गात लेकीच्या वयाच्या मुलांमध्ये बसायची आणि जमलं नाही तर याच गावात सगळ्यांना तोंड दाखवायची. ही भीती आजही गेलेली नाही. पण आज ती मनात असतानाच हात चालले.

दुपारी टोपली उघडली. चौघडी घातलेले मांडे ओल्या धोतराच्या फडक्यात मऊ राहिले होते. बरोबर वाटीत दूध-तूप आणि डब्यात कटाची रशी, काळ्या मसाल्याची, वर तेलाचा तवंग. खालचे मुद्रांकवाले काका आले, चहावाला आला, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातली पोरगी आली. साहेबांनी स्वतः फायली सरकवून टेबल मोकळं केलं. बाकावर तीन बाया आणि त्यांचा भाऊ टोकनची वाट बघत बसले होते, त्यांनाही वाढलं. थोरली विधवा होती. जिवतीच्या शुक्रवारी सवाष्णीला बोलावतात म्हणून ती हात मागे घेऊ लागली. मी तिच्याच ताटात पहिला मांडा घातला. हे मी ठरवून केलं आणि दरवर्षी करणार आहे.

खाता खाता माझ्याशेजारी टायपिंगला बसणारी, अवघी पंचविशीची, हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही गेल्यावर ते कागद मी टाइप करणार. मीही वाचून दाखवू का त्यांना?" मी म्हटलं, दाखव, मोठ्यानं दाखव. साहेब ऐकत होते. म्हणाले, वेळ जाईल, पण दाखवा. लगेच त्या तिघींचाच दस्त तिनं वाचायला घेतला. धाकटीनं मध्येच थांबवून विचारलं, "मोबदला म्हणजे पैसे ना? मग घेतले नाहीत असं का लिहिलंय, दादानं तर देतो म्हटलंय." भाऊ आधी चपापला. मग म्हणाला की देणार आहे, खोटं नाही. बराच वेळ बोलणं चाललं, आवाजही चढले, पण कोणी उठून गेलं नाही. शेवटी दस्त आज नको असं ठरलं. आकडा ठरवून, तो कागदावर घालून पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. निघताना भावानंच रशी कोणाच्या हातची म्हणून विचारलं आणि थोरलीनं उरलेले दोन मांडे आपल्या आईसाठी म्हणून बांधून मागितले.

आईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी आकडा किती ते विचारलं. मी म्हटलं, अजून ठरायचाय. "मग तू तिथे असायला हवी होतीस की पुढच्या आठवड्यात," म्हणाल्या, आणि नंतर, "नको, तू जाय कॉलेजात. ती पोरगी बघेल."

उद्या रेल्वेचा पास काढायचा आहे. वह्या लेक आणणार आहे. खापर राखेनं घासून माळ्यावर ठेवलं.