तुम्ही विचारलंत म्हणून: मी बसत का नाही?

लग्नात, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, सगळीकडे एकच आग्रह. "अहो, खुर्ची रिकामी आहे, बसा ना!" मी हसून "असू दे" म्हणते. आज नीट सांगते.

माकडहाडाच्या वर जे त्रिकोणी हाड असतं, त्यातून जाणाऱ्या नसांच्या मुळांवर मला पाण्याच्या गाठी आहेत. इसाडोर टारलॉव्ह या डॉक्टरांनी 1938 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना टारलॉव्ह सिस्ट म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं तेच पाणी नसेच्या आवरणात शिरून साचतं. बसलं की तिथला दाब वाढतो. पाच मिनिटांत निखाऱ्यावर बसल्यासारखं होतं. उभं राहून थोडं बरं वाटतं, पण तेही फार वेळ नाही. खरा आराम आडवं पडल्यावरच.

शिंक, खोकला, शौचाला जोर करणं, यानेही कळ येते. परवा फोडणीत मिरची जळाली, ठसका लागला आणि मी ओट्याची कड घट्ट धरून उभी राहिले. कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरली. गॅस बंद करायलाही हात सुटेना.

पायाला मुंग्या येतात, तळवा बधिर होतो. लोकांना वाटतं सायटिका, गादी सरकली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण लघवीला जाऊन आलं तरी काही राहिल्यासारखं वाटायचं, ते मात्र मी दोन वर्षं डॉक्टरांनाही सांगितलं नाही. बाळंतपणं झाली, वय झालं, अशी स्वतःची समजूत घातली. हा त्रास बायकांत जास्त दिसतो आणि बायकाच तो लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एमआरआयमध्ये गाठी दिसल्या तेव्हा पहिले डॉक्टर म्हणाले, "याने काही होत नाही." बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे. 1994 साली छापून आलेल्या एका पाहणीत 500 जणांच्या कमरेच्या एमआरआयपैकी 23 जणांत अशा गाठी निघाल्या, त्रास मात्र 5 जणांनाच होता. तेव्हा रिपोर्टात हे नाव वाचून घाबरू नका. पण बसल्यावर वाढणारं आणि झोपल्यावर उतरणारं दुखणं असेल, तर डॉक्टरांना नेमक्या याच शब्दांत सांगा. आणि लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पायातलं बळ गेलं, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझ्या जाऊबाईंनी यंदा गौरींच्या दिवशी काही न विचारता आतल्या खोलीत सतरंजी घातली, उशी ठेवली. मी कुशीवर पडून होते आणि हळूहळू निम्म्या बायका पानसुपारीचं तबक घेऊन तिथेच गप्पांना येऊन बसल्या.