उंची शाकाहारी रेस्टॉरंट: ताट उत्तम, बिल संतापजनक

ज्या शाकाहारी रेस्टॉरंटसाठी आम्ही प्रवासातील एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवली होती, त्याच्याबद्दल जाण्यापूर्वी वाचलेल्या अभिप्रायांपैकी काहींत ते जेवण जन्मभर विसरणार नाही असे म्हटले होते, तर काहींत ती सरळसरळ लूट ठरवली होती. जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की दोन्ही बाजू खरेच सांगतात. फक्त एक बाजू ताटाविषयी बोलते आणि दुसरी बिलाविषयी. प्रवासाचे बाकीचे दिवस सुखाचे गेले, त्यांविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

आधी ताटाविषयी. भाजीला मांसाच्या तोडीचे स्थान देता येते की नाही, हा वाद मोठ्या शेफपुरता केव्हाच मिटला आहे. मिलानमधील ‘जोइया’ या शाकाहारी रेस्टॉरंटला १९९६ मध्ये ‘मिशलिन’ या रेस्टॉरंटांना मानांकन देणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला आणि पॅरिसचे शेफ अलँ पासार यांनी २००१ मध्ये आपल्या ‘आर्पेज’ रेस्टॉरंटमधून लाल मांस काढून टाकूनही सर्वोच्च मानाचे तिन्ही तारे राखले. आमच्यासमोर आलेले बीट त्याच परंपरेतले होते. मिठाच्या जाड कवचात भाजलेला तो गोळा वेटरने टेबलाशी आणून फोडला, आतल्या बिटाच्या पातळ चकत्या कापल्या आणि वर फक्त थोडे आंबट लोणी घातले. कडेला ती चकती चिवट, मधोमध लोण्यासारखी मऊ लागत होती आणि बिटाचा नेहमीचा मातकट वास पार गेलेला होता. आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या माझ्या वहिनींनी तो घास संपेपर्यंत कोणाशी एक शब्दही काढला नाही.

त्यानंतर मात्र मेन्यूचा मधला टप्पा सुरू झाला आणि तेथेच मतभेदाला तोंड फुटले. एकामागून एक आलेले पदार्थ सगळे मऊ होते: कोणता वाटलेला, कोणता फेसाळ, कोणता आंबवून गाळलेला. दाताखाली काहीच येत नव्हते, दोन पदार्थांमधली वाट पाहणे मात्र लांबत चालले होते. भाऊजींचे म्हणणे असे की पोट भरत नाही आणि भूकही मरते, असे जेवण कितीही नाजूक असले तरी ते जेवण नव्हे. वहिनी म्हणाल्या की पोट भरण्यासाठी येथे यायचेच नसते. मला भाऊजींचे पटते, कारण चव ओळखण्यासाठी जीभ ताजी लागते आणि त्या टप्प्यात आम्ही सगळे नुसते थकत होतो.

नेमक्या त्याच वेळी वेटर हातात लाकडी पेटी घेऊन आला, झाकण उघडून वास दिला आणि ‘यावर थोडे ट्रफल किसू का?’ असे अतिशय मायेने विचारू लागला. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुवासिक, महागडी बुरशी. किसणी दुसऱ्या हातात तयारच होती. त्याचे वेगळे पैसे पडतील हे त्याने सांगितले नाही आणि छापील मेन्यूतही तसा उल्लेख नव्हता. बिलात ती रक्कम प्रत्येक माणसामागे लावलेली होती आणि टेबलावरच्या सगळ्यांच्या ट्रफलची बेरीज एका माणसाच्या संपूर्ण जेवणाच्या घरात गेली. शिवाय ते उन्हाळी ट्रफल होते. ते आतून फिकट बदामी दिसते आणि त्याचा वास सौम्य असतो. हिवाळी काळे ट्रफल आतून गडद असून त्यावर पांढऱ्या रेषांचे जाळे असते. उत्तर गोलार्धात त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च, तर पांढऱ्या ट्रफलचा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. या महिन्यांबाहेर कोणी पेटी घेऊन आले तर नकार द्यावा, आणि हंगामात आले तरी किंमत विचारल्याशिवाय किसणी ताटावर येऊ देऊ नये. ट्रफल तेलावर तर एक पैसाही घालवू नये. बाजारातल्या बहुतेक तेलांचा वास प्रयोगशाळेत बनवलेला असतो.

पाण्याचीही हीच तऱ्हा. ‘साधे की बुडबुड्यांचे?’ या प्रश्नातले दोन्ही पर्याय विकतच्या बाटलीचे असतात. नळाचे पाणी पिण्याजोगे असेल तेथे ते स्पष्ट शब्दांत मागावे.

कडक शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. शाकाहारी म्हणवणाऱ्या पुष्कळ स्वयंपाकघरांत अंडी चालतात. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध साकळवणाऱ्या पदार्थाशिवाय बनतच नाही, तरीही ते शाकाहारी मेन्यूत सर्रास दिसते. काही वाइन माशांपासून काढलेल्या पदार्थाने निवळतात. गोड पदार्थ प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनने घट्ट केला आहे की समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगरने, हेही विचारावे. आमच्या रेस्टॉरंटने या सगळ्या प्रश्नांना त्याच दिवशी नेमकी उत्तरे दिली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे.

रात्रीचा लांबलचक मेन्यू मुळीच घेऊ नये. दुपारचा छोटा मेन्यू मिळत असेल तर बेलाशक जावे, कारण शेफचे हात तेच असतात, पदार्थ निवडक असतात आणि मधला रटाळ टप्पा बहुधा टळतो. न्यूयॉर्कच्या ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ने २०२१ मध्ये पूर्ण वनस्पतिजन्य केलेल्या मेन्यूत २०२५ मध्ये पुन्हा मांस आणले, यावरून या स्वयंपाकाला भवितव्य नाही असा निष्कर्ष काढणारे भेटतात, पण त्या बिटाची एक चकती खाल्लेल्या माणसाला तो निष्कर्ष पटणार नाही.

बिल आल्यावर घाईने कार्ड पुढे करू नये, प्रत्येक ओळ वाचावी. सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असेल तर वेगळी टिप देण्याची गरज नाही. आमच्या बिलात न उघडलेल्या पाण्याच्या बाटल्याही लावल्या होत्या. त्या बोट ठेवून दाखवल्यावर वेटरने काहीही न बोलता रक्कम कमी करून दिली, ट्रफलची मात्र केली नाही.