तिरपं खाली, सरळ वर

शाळा संपली त्याच्या दुसऱ्या सकाळी माझा लेक नेहमीसारखा साडेनऊला डबा घेऊन दारात उभा. विशेष मुलांची शाळा अठराव्या वर्षी सुटते, हे त्याला कसं सांगणार? अठरानंतर काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जागा नव्हती. त्याच्या वर्गातल्या आणखी चौघांच्या आया जमल्या आणि आमच्या गच्चीवर कुंड्यांपासून मुलांच्या रोपवाटिकेची सुरुवात झाली.

सुरुवातीला मी फार चुकले. जास्वंदीच्या काड्या लावायला दिल्या, तर निम्म्या उलट्या लागल्या. मी आपली "वरची बाजू, खालची बाजू" सांगतेय. त्यांच्या शाळेतल्या बाई एकदा बघायला आल्या. म्हणाल्या, "अहो, काडीला वर-खाली कुठे दिसतंय? दिसेल असं करा." तेव्हापासून खालचं टोक डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या जागेच्या, जरा खाली तिरपं छाटतो, वरचं सरळ. तिरपं खाली, सरळ वर. मुलं हे गाण्यासारखं म्हणत काम करतात. पाण्याचंही तेच. "थोडं घाल" म्हटलं की गोंधळ. रोपाच्या पिशवीच्या भोकातून पहिला थेंब पडला की झारी बाजूला, हे मात्र पक्कं कळतं. लेक वाकून, गाल मातीला टेकेल इतका जवळ जाऊन त्या थेंबाची वाट बघतो. घाई नाही, एकही पिशवी सुटत नाही. रोपवाटिकेला अशीच माणसं हवीत, असं मला मनापासून वाटतं.

गच्ची पुरेना. ओळखीतल्या एका शेतकऱ्यांनी विहिरीजवळची दोन गुंठे जागा देऊ केली, पण करार संस्थेच्या नावानेच करू म्हणाले. मग कागदपत्रं. नोंदणीला किमान ७ सदस्य लागतात, आम्ही पाचजणी; दोन वडील तयार झाले. १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास (ट्रस्ट), अशा दोन्ही नोंदण्या केल्या. एकदा अर्ज परत आला, कारण एकीचं नाव आधारवर एक आणि आमच्या ठरावात दुसरंच. वकिलांनी मोलाची गोष्ट सांगितली: संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, उद्देश लिहिताना नुसतं 'प्रशिक्षण' नको, 'रोपांची निर्मिती व विक्री'ही घाला. त्यानंतर आयकरातल्या सवलतीच्या नोंदण्या, म्हणजे संस्थेसाठी १२ए आणि देणगीदारांसाठी ८०जी; त्याही आधी ३ वर्षांसाठी तात्पुरत्या मिळाल्या. शिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे वेगळं प्रमाणपत्र लागतं. आम्हाला हे उशिरा कळलं. तुम्ही पहिल्याच दिवशी चौकशी करा.

मला सगळ्यात जड गेलं ते पालकत्व. मुलांची खाती काढायची म्हटल्यावर समजलं, की अठरा पूर्ण झाल्यावर आई असूनही मी त्याची कायदेशीर पालक नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. 'नातं' या रकान्यात 'आई' लिहिलं आणि तिथेच रडू आलं.

आषाढीच्या आधी तुळशीच्या २०० रोपांची पहिली मोठी ऑर्डर आली. टेम्पो भरला, फळी लागली. तेवढ्यात लेक झारी घेऊन धावत आला. शेवटच्या ओळीतल्या पिशव्यांना पाणी घालायचं राहिलं होतं. ड्रायव्हरदादांनी इंजिन बंद केलं, फळी उघडली आणि त्याचे सगळे थेंब पडेपर्यंत थांबले.