पेंडिंग

टर्मिनलवर ओळी सरसर उतरल्या, लाल काहीच नाही. तरी मन लागत नाहीये.

गॅममधून (गूगलच्या व्यवस्थापनातली यंत्रं टर्मिनलवरून सांभाळायचं साधन) शाळेच्या क्रोमबुकला रिमोट पॉवरवॉश, म्हणजे दुरूनच सगळं पुसून टाकायचा हुकूम, सोडला की कमांड आयडी मिळतो आणि शेजारी स्थिती दिसते. आज पानभर पेंडिंग. यात नवल काहीच नाही. कमांड जाते गूगलच्या सर्व्हरकडे. यंत्र चालू असेल, नेटवर असेल, तेव्हा ते ती उचलणार. मग यंत्राकडे पाठवली, यंत्राने पोच दिली, यंत्राने केली, अशा पायऱ्या. वेळेत उचललीच नाही तर मुदत संपली, एवढाच शेरा. स्थिती किती वेळा तपासायची हे कमांडमध्येच सांगता येतं, पण बंद कपाटातल्या, बॅटरी उतरलेल्या यंत्राला कितीही वेळा विचारलं तरी ते काय बोलणार?

हे सगळं ठाऊक असून टोचतंय ते एवढंच: कमांड 'यशस्वी' झाली म्हणजे नक्की काय झालं? पेटीत टाकलेलं पत्र पोचलं असं आपण म्हणत नाही. इथे मात्र म्हणतो, आणि अहवालातही तसंच लिहितो.

ओयू, म्हणजे यंत्र ज्या गटात नोंदलंय तो, बदलणं वेगळं. ती नोंद सर्व्हरवरचीच, त्यामुळे ती खरोखर बदलते. एपीआय, म्हणजे गॅम गूगलशी ज्यातून बोलतं तो दुवा, एका विनंतीत ५० यंत्रं हलवतो. नवी धोरणं मात्र यंत्र सर्व्हरशी सिंक झाल्यावरच लागू होणार. म्हणजे तिथेही अर्धंच झालं.

वाइप युजर्स आणि पॉवरवॉश यांत गल्लत नको. पहिल्याने विद्यार्थ्यांचा डेटा जातो, एनरोलमेंट, म्हणजे यंत्र शाळेच्या ताब्यात असल्याची नोंदणी, राहते. दुसऱ्याने सगळंच जातं आणि सक्तीची पुनर्नोंदणी लावलेली नसेल तर यंत्र आपल्या हातून सुटतं. दोन्हींच्या शेवटी 'डूइट' लिहिल्याशिवाय गॅम हलत नाही. डिप्रोव्हिजनला, म्हणजे यंत्र व्यवस्थापनातूनच काढून टाकायला, तर आणखी लांबलचक कबुली लिहून द्यावी लागते: हे यंत्र पुन्हा ताब्यात हवं असेल तर त्याला प्रत्यक्ष हात लावावा लागेल हे मला मान्य आहे. ज्याने हे घातलं त्याला शाळांची कपाटं माहीत असणार.

आणि ती कपाटं कुणाची जबाबदारी? जूनमध्ये इथल्या अमेरिकन शाळांना कुलूप लागलं की यंत्रं दिसेनाशी होतात, आणि दोन्ही इमारतींचा हिशेब माझ्याच माथी. बिघडलं तरच नाव निघतं. परवाच्या बैठकीबद्दल तर लिहायलाच नको.

त्यापेक्षा एक्सेलवर चिडलेलं बरं. यंत्रांच्या यादीची सीएसव्ही (साधी मजकुरी फाइल) डबल-क्लिक करून उघडली की ००४१७ चा ४१७ होतो. सगळे आकडे आणि मधे एकच 'ई' असा सिरियल नंबर असेल तर एक्सेल त्याला घातांकातली संख्या समजतं. सिरियल बिघडला तर गॅम निदान 'असं यंत्र नाही' म्हणून ओरडतं. अ‍ॅसेट आयडी, म्हणजे आपण यंत्राला दिलेला क्रमांक, बिघडला तर निमूट तसाच लिहून टाकतं. पुन्हा तेच, 'यशस्वी'! आयात करताना तो रकाना टेक्स्ट करणे, किंवा एक्सेल न उघडणे, हे दोन साधे उपाय. ऑफिसात दुसरा कोणी ऐकणार नाही.

यंत्रं शोधताना लावायचा सिंकच्या तारखेचा फिल्टरही असाच गोडबोल्या. तारखेआधी दोन टिंबं दिली तर त्या तारखेपर्यंतच सिंक झालेली, तेव्हापासून गप्प असलेली यंत्रं मिळतात. टिंबं राहिली तर फक्त त्या एका दिवशी सिंक झालेली. एरर नाही, यादी तेवढी भलतीच. म्हणून कुठलाही अपडेट चालवण्याआधी त्याच क्वेरीने नुसतं प्रिंट करून ओळी मोजाव्यात.

बरं, पेंडिंग तर पेंडिंग. मी ओरडून बॅटरी चार्ज होणार नाही. ऑगस्टमध्ये कपाटं उघडतील तोवर मुदत उलटून गेली असेल, तर आत्ता पॉवरवॉश सोडून तरी काय मिळणार? तो नुकत्याच सिंक झालेल्यांनाच. बाकीच्यांना डिसेबल, म्हणजे नुसतं वापरासाठी बंद. तोही पोचायला वाटच पाहील, पण निदान रीएनेबलने मागे घेता येतो, डिप्रोव्हिजनसारखा यंत्राला हात लावायची वेळ आणत नाही. खरोखर भंगारात गेलेली तेवढी डिप्रोव्हिजन, तीही शाळेने लेखी कळवल्यावर.

उद्या सकाळी शेवटच्या सिंकची तारीख, ओयू आणि अ‍ॅसेट आयडी असे तीन रकाने काढून यादी दोन्ही इमारतींना द्यायची. पीडीएफ करून. एक्सेल मागितली तरी नाही.