आजीच्या नावावरची रेघ

बीजिंगमध्ये परदेशी माणूस कोणाच्या घरी राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्या भागातल्या पोलीस ठाण्यात त्याची नोंद करावी लागते. 2012 च्या मार्चमध्ये मी भाड्याने खोली घेतली तेव्हा घरमालकीणबाई स्वतः माझ्याबरोबर ठाण्यात आल्या. खिडकीतून फॉर्म मिळाला, तो मात्र त्यांनी माझ्या हाती दिला नाही. चष्मा लावला, पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला, मागची कोरी बाजूही उलटून पाहिली आणि मगच "ठीक आहे, भर," म्हणून माझ्याकडे सरकवला. मला वाटले, बाई जरा काटेकोर आहेत.

चिनी भाषेत आईच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. अर्थ मावशी, पण मराठी कानाला ते 'आई'च ऐकू येते, त्यामुळे पुण्याच्या घरी फोनवर बोलताना माझ्या दोन आयांचा घोटाळा नेहमी व्हायचा. मी महाराष्ट्रातली आहे असे सांगितल्यावर आयींनी पहिले नाव घेतले ते ख दिहुआ, म्हणजे आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे. कोटणीस ज्या हपे प्रांतात राबले आणि 1942 मध्ये वारले, त्याच प्रांतात आयींच्या आजोबांचे गाव होते. त्या गावाविषयी त्या पुढे वर्षभर काही बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या त्या सलग नव्हे, कधी भाजी निवडताना, कधी पिठाचा गोळा मळताना, आणि मी ते सांगणे इथे माझ्या समजुतीप्रमाणे जुळवून लिहीत आहे.

आयींचा जन्म 1952 चा. त्याच्या आगेमागेच गावोगाव जमिनींची फेरवाटणी झाली होती आणि प्रत्येक कुटुंबाला एक वर्ग ठरवून देण्यात आला होता: गरीब शेतकरी, मध्यम शेतकरी, श्रीमंत शेतकरी, जमीनदार. आयींच्या आजोबांची थोडी जमीन कुळांकडे होती, म्हणून ते जमीनदार ठरले. जमीन गेली, पाठोपाठ आजोबाही गेले, आणि 'जमीनदार' हा शब्द आजीच्या वाट्याला आला. वडील तोवर बीजिंगला येऊन एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवू लागले होते. त्यांनी आपल्या आईला, म्हणजे या आजीला, आपल्याकडे आणले.

शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर 'ज्याथिंग छूशन' असा रकाना असे, म्हणजे घराण्याचा मूळ वर्ग. आयी तिथे 'नोकरदार' असे लिहीत आणि त्यात खोटे काही नव्हते, कारण वडील नोकरदारच होते. 1966 च्या उन्हाळ्यापर्यंत ते चालून गेले. मे महिन्यात सांस्कृतिक क्रांतीची घोषणा झाली, 18 ऑगस्टला थ्येनआनमन चौकात माओने रेड गार्डांच्या, म्हणजे त्याच्या भक्त विद्यार्थ्यांच्या पथकांच्या, पहिल्या प्रचंड मेळाव्याला दर्शन दिले, आणि त्याच सुमारास आयींच्या वर्गात सर्वांच्या 'तीन पिढ्या तपासण्याचे' ठरले. वर्गप्रमुख मुलीने आयींचा फॉर्म परत आणून बाकावर ठेवला. आयींनी 'नोकरदार' या शब्दावर रेघ मारली आणि शेजारी 'जमीनदार' असे लिहिले. अक्षर मुद्दाम बारीक काढले, म्हणाल्या, "जणू बारीक लिहिलं तर कमी ऐकू येईल."

त्या दिवसांत एक दुपदरी घोषणा शाळाशाळांच्या भिंतींवर लागली होती: बाप वीर तर पोर पराक्रमी, बाप प्रतिगामी तर पोर हरामी. तिच्या जोडीला जुनी म्हण होतीच, ड्रॅगनच्या पोटी ड्रॅगन आणि उंदराच्या पोराला बीळ खणणेच येणार. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे याला 'खाण तशी माती' म्हणतात. आयींनी तो शब्दप्रयोग दोनदा म्हणून पाहिला आणि विचारले, "तुमच्या फॉर्मवरही रकाना असतो?" शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात असते, असे मी म्हणाले. हेही सांगायला हवे होते की तो रकाना वाचताना मला कधी थबकावे लागले नाही, आणि थबकावे न लागणे हीच माझी मोठी सोय होती. ते सांगितले नाही. चिनी शब्द सापडले नाहीत, अशी सबब तेव्हा मनाला दिली.

या रकान्याविरुद्ध उघडपणे लिहिणारा एक तरुण बीजिंगमध्येच होता. यू लुओके हा साधा शिकाऊ कामगार, आईवडिलांवर 'उजवे' असा शिक्का बसलेला. घराण्यावरून माणूस ठरवू नये, असे मांडणारा त्याचा निबंध 1967 च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या एका वर्तमानपत्रात छापला गेला आणि हातोहात पसरला. वर्षभरात त्याला अटक झाली आणि 5 मार्च 1970 रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, गोळी घालण्यात आली. आयींनी तो निबंध तेव्हा वाचला का, असे मी विचारले. त्यांच्या हाती तो एका रात्रीपुरता आला होता. सकाळी त्यांनी तो शेगडीत घातला.

पण मला सांगायचे आहे ते 1966 च्याच ऑगस्टच्या अखेरीचे. बीजिंगमधून त्या दोनेक महिन्यांत सुमारे 85 हजार 'वाईट वर्गाच्या' माणसांना मूळ गावी हाकलण्यात आले आणि शहरात 1,772 माणसे मारली गेल्याची अधिकृत नोंद आहे. वडिलांना शाळेतच एका खोलीत डांबले होते. अशा जागांना 'गोठा' म्हणत, कारण आत कोंडलेली माणसे बैलराक्षस आणि सर्पपिशाच्चे ठरवलेली. घरी आयी, त्यांची आई, धाकटा भाऊ आणि आजी. गल्लीच्या समितीची बाई येऊन सांगून गेली की म्हातारीने तीन दिवसांत गावी जावे. आजीने काहीच विचारले नाही. तिने आपली रेशमी बंडी उसवली, निळ्या शाईच्या पाण्यात बुडवून काढली आणि सुनेला म्हणाली, "रजईला आतून लाव, बाहेरून दिसणार नाही."

गावी जाण्याआधी शहरातला रहिवासी दाखला आणि धान्याच्या वहीतले नाव कापून घ्यावे लागे. त्या काळी पीठ, तांदूळ, भरड धान्य सगळे सरकारी दुकानातूनच मिळे, आणि कुटुंबाची 'ल्यांगबन' नावाची वही नसेल तर पैसे असूनही चूल पेटत नसे. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून द्यायला नको. आई शाळेच्या चौकशीला गेली होती, म्हणून वही घेऊन चौदा वर्षांच्या आयी गेल्या. दुकानात पिठाची घसरगुंडी होती, वरून पीठ ओतले की खाली गिऱ्हाइकाने पिशवीचे तोंड धरायचे. रांग बरीच होती. आयींचा नंबर आला तेव्हा कारकुनाने वही उघडली, पट्टी ठेवली आणि आजीच्या ओळीवर निळ्या पेनने सरळ रेघ ओढली. मग महिन्याच्या धान्याची बेरीज नव्याने करून शिक्का मारला. "पट्टी का लागली असेल त्याला?" असे आयींनी मला विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता त्या पिठाकडे वळल्या.

वर्गविरोधी नातेवाइकांपासून 'रेघ ओढून' वेगळे होणे, हा तेव्हाचा रोजचा शब्दप्रयोग होता. शाळेने तशी लेखी ग्वाही मागितली होती, म्हणून आजीला पोचवायला स्टेशनवर जाऊ नये असे आईने बजावले. स्टेशनवर मारहाण होते हेही कानावर आले होते. आजी दोन मान्थोउ, म्हणजे वाफवलेले पाव, रुमालात बांधून गल्लीच्या तोंडाशी वळली, तेव्हा आयी खिडकीआड उभ्या होत्या. हाक मारली नाही. 1967 च्या हिवाळ्यात गावाहून दोन ओळींचे पत्र आले, तेही पोस्टकार्डावर, म्हणजे गल्लीत सर्वांनी आधी वाचून झालेले.

पुढचे सगळे त्यांच्या पिढीतल्या लाखोंचेच आहे आणि आयी ते भरभर सांगतात. शहरी मुलांना खेड्यात राबायला धाडण्याच्या मोहिमेत 1969 च्या जानेवारीत येनआन भागातल्या एका खेड्यात रवानगी, डोंगरात कोरलेल्या घरात आठ वर्षे, बाजरीची कापणी, खताच्या पाट्या. 1977 च्या डिसेंबरमध्ये अकरा वर्षांनी महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा पुन्हा झाली. सुमारे 57 लाख बसले, 2 लाख 73 हजारांना जागा मिळाली, त्यात आयी होत्या. गणित शिकल्या, गणितच शिकवले. 1979 च्या जानेवारीत जमीनदार आणि श्रीमंत शेतकऱ्यांवरचे शिक्के काढण्याचा निर्णय झाला. आयींच्या मुलाला त्या रकान्याचे नावही ठाऊक नाही. जेवताना विषय निघाला की तो मोबाइल उचलून उठतो.

धान्याच्या वहीतल्या त्या ओळीत आजीचे नाव काय लिहिले होते, असे मी शेवटी विचारले. नाव नव्हते. जुन्या काळच्या बायकांची नोंद असायची तशीच तिची होती, आधी नवऱ्याचे आडनाव, मग माहेरचे आडनाव आणि पुढे 'श', म्हणजे अमुक घराण्यातली. वडिलांना तिचे खरे नाव माहीत असावे, पण ते विचारण्याआधीच वारले. 1980 मध्ये आयी एकट्या गावी जाऊन आल्या. आजीला कोणत्या बांधावर पुरले ते एका म्हाताऱ्याने दाखवले. तिला काय नावाने हाक मारायचे, असे विचारल्यावर तो बराच वेळ डोके खाजवत राहिला आणि म्हणाला, "आम्ही तर सगळे 'जमीनदाराची बायको' असंच म्हणायचो."